क्लिक भलतीकडंच पडायलंय? तुमचे अनुभव लिहा

आडत, सेवा केंद्र, कारखान्याचं ऑफिस, कुठंही जा. जुनं सॉफ्टवेअर आणि त्यात एकेक नोंद हाताने. मग कुणीतरी आपोआप क्लिक करणारी ऑटोहॉटकी नाहीतर पायथनची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लिहितो. आज चालते, उद्या 'सेव्ह'ऐवजी शेजारच्या 'डिलीट'वर क्लिक. कोऑर्डिनेट (क्लिकच्या जागेचे एक्स-वाय आकडे) का हलले आणि तुम्ही ते कसं पकडलंत, ते लिहा. 'रिस्टार्ट केलं, झालं' हे कृपया नको.

लातूर, मार्केट यार्ड
सोयाबीनच्या सीझनमध्ये पट्ट्या भरायची स्क्रिप्ट आहे. मालकांनी नवा लॅपटॉप आणला आणि सगळं बिघडलं. गंमत म्हणजे डावीकडच्या वरच्या कोपऱ्याजवळचे क्लिक जवळपास बरोबर पडायचे. उजवीकडे-खाली जावं तसा फरक वाढायचा. कुठल्या तरी पटीत चुकतंय हे तिथंच कळलं. स्क्रीन 1920×1080, स्केलिंग (अक्षरं-बटणं मोठी दाखवायची सेटिंग) 125 टक्के. खिडकी कुठं आहे ते सांगणारी जुनी व्हीबीची (व्हिज्युअल बेसिकची) एक्झी स्क्रीन 1536×864 समजत होती, कारण डीपीआय, म्हणजे हे स्केलिंग, न कळणाऱ्या प्रोग्रामला विंडोज भागून आकडे देतं. क्लिक करणारं पायथनचं पायऑटोगुई मात्र खरे पिक्सेल धरतं. एक्झी म्हणायची बटण 1200, 720 वर. खरं बटण 1500, 900 वर. मोजणंही पायथनमध्येच आणलं, विषय संपला. आता दोन्हीकडून स्क्रीनची साइज छापून बघितल्याशिवाय पुढं जातच नाही.

नांदेड, टॅक्स सल्लागाराकडे कामाला
आमच्याकडे फरक वाढायचा नाही, सगळे क्लिक सारखेच खाली. ऑटोहॉटकी 1.1 वरून 2 वर गेलो होतो. 1.1 मध्ये मोजणी चालू खिडकीच्या कोपऱ्यापासून. 2 मध्ये टायटल बारच्या खालून, म्हणजे क्लायंट भागापासून. मोजणी कुठून ते ठरवणारी कोऑर्डमोड ही कमांड स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत लिहून टाका. आणखी एक: मधेच प्रिंटरची 'कागद संपला' ही खिडकी पुढं आली, की मोजणी तिच्यापासून सुरू होते! क्लिकच्या आधी खिडकीचं नाव तपासा.

वाळूज
डावीकडचा दुसरा मॉनिटर असेल तर एक्स उणे येतो, -1920 वगैरे. ते चूक नाही. पण -32000 दिसलं तर खिडकी मिनिमाइज आहे, आधी ती वर आणा. आमचे मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर आहेत आणि यूपीएसवर फक्त सीपीयू. लाइट गेली की विंडोजला मॉनिटर निघाल्यासारखं वाटतं आणि खिडक्या इकडच्या तिकडं. लाइटीचं काय, ती जायचीच. म्हणून दर वेळी खिडकी ठरलेल्या जागी, ठरलेल्या मापात बसवूनच सुरुवात करतो.

परभणी
विंडोज 10 मध्ये खिडकीला डावी-उजवीकडे आणि खाली न दिसणारी कड असते, 100 टक्के स्केलला साधारण 7 पिक्सेलची. दिसणाऱ्या कडेपासून मोजलंत तर तेवढाच फरक राहतो. मॅक्सिमाइज केल्यावर -8, -8 येतं, कारण खिडकीची कड स्क्रीनबाहेर जाते.

जालना
क्लिक भलतीकडं नाही, पडतच नसेल तर? सॉफ्टवेअर ॲडमिन म्हणून चालू असतं आणि स्क्रिप्ट साध्या अधिकारांनी. विंडोज क्लिक गुपचूप गिळतं, एररसुद्धा नाही. आणि सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप डिसकनेक्ट करून घरी गेलात, तर माऊस हलवायला डेस्कटॉपच उरत नाही.

बीड, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी
उबंटूवाल्यांनो, स्क्रीन चालवणारी सिस्टिम वेलँड असेल तर क्लिक करणारं एक्सडूटूल वेलँडच्या खिडक्यांपर्यंत पोचत नाही. 25.10 च्या आधीचं उबंटू असेल तर लॉगिनला एक्सऑर्ग (जुनी सिस्टिम) निवडा, नाहीतर नाद सोडा.

धाराशिव
एवढं पिक्सेल मोजत बसण्यापेक्षा कंट्रोलचं (बटण, रकाना वगैरेचं) नाव धरून क्लिक करा ना. ऑटोहॉटकीतलं कंट्रोलक्लिक कशासाठी आहे?

लातूर, मार्केट यार्ड
दादा, बटणाला नाव सापडतं. पण पट्टीचा तक्ता पूर्ण एकच कंट्रोल आहे, आतल्या रकान्यांना नावच नाही. तिथं पहिल्या रकान्यात एक क्लिक, पुढं सगळं टॅबने.