स्वादुपिंडाचा कर्करोग : केमोथेरपीला उष्णतेची जोड द्यावी का?

तापमापक (धागाकर्ता)
स्वादुपिंडाच्या गाठीची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपुढे केमोथेरपीसोबत उष्मोपचाराचा पर्यायही ठेवला जावा, असे माझे मत आहे. यात पोटाच्या त्या भागाचे तापमान बाहेरून विद्युतचुंबकीय लहरींनी सुमारे ४० ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन साधारण तासभर राखले जाते. सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध पेशीच्या डीएनएला इजा करते आणि ती इजा भरून काढण्यास लागणारे बीआरसीए-२ हे प्रथिन या तापमानाला विघटित होऊ लागते, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. युरोपातील ‘हीट’ चाचणीत (निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध) उष्मोपचाराच्या गटातील रुग्णांचा जगण्याचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ३३.२ महिने होता, तर दुसऱ्या गटाचा २५.२ महिने. या रोगात आठ महिने थोडे नव्हेत.

साशंक
आपण चाचणीचा सोयीचा आकडा तेवढा दिलात. तिचा मुख्य निकष रोग उलटेपर्यंतचा काळ हा होता आणि त्यात १२.७ विरुद्ध ११.२ महिने, म्हणजे योगायोगानेही पडू शकेल एवढाच फरक आढळला. आठ महिन्यांचा फरकही सांख्यिकीच्या कसोटीला उतरलेला नाही. त्याहून मोठी अडचण अशी की, एका गटाला जेमसायटाबिन, सिस्प्लॅटिन आणि उष्णता मिळाली, तर दुसऱ्याला जेमसायटाबिन आणि कॅपेसिटाबिन ही केमोथेरपीची औषधे. मग श्रेय उष्णतेला द्यायचे की सिस्प्लॅटिनला? शिवाय २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुधारित फोलफिरिनॉक्सने (अनेक केमो-औषधांच्या एकत्रित उपचाराने) ५४.४ महिन्यांचा मध्यक गाठला. दोन चाचण्यांचे रुग्ण सारखे नसतात, त्यामुळे आकडे थेट शेजारी मांडू नयेत हे मान्य. पण ज्या उपचाराशी तुलना व्हायला हवी तो आता हा आहे.

तापमापक
रुग्णनोंदणी संथ राहिल्याने चाचणी अवघ्या ११७ रुग्णांवर थांबली. एवढ्या संख्येत फरक सिद्ध झाला नाही, म्हणून फरक नाहीच असे ठरत नाही. मऊ ऊतींच्या सार्कोमात (स्नायू, चरबी यांसारख्या ऊतींच्या कर्करोगात) दोन्ही गटांना तीच केमोथेरपी देऊन फक्त एका गटाला उष्णता दिली गेली, तेव्हा पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ५१.३ वरून ६२.७ टक्क्यांवर गेले. फोलफिरिनॉक्सचा भार अशक्त रुग्णाला सोसवत नाही, हेही विसरू नये.

मधलीबाजू
सार्कोमाचा पुरावा भक्कम आहे, परंतु स्वादुपिंडासाठी तो उसनाच. येथे स्वादुपिंडाच्या मागे मोठ्या रक्तवाहिन्या आणि शेजारी आतडे असते. वाहते रक्त उष्णता काढून नेते आणि आतील खरे तापमान मोजणेही अवघड असते. वेळापत्रकही नाजूक आहे. तापलेल्या पेशी उष्णताघात-प्रथिने तयार करून काही काळ उष्णतेला सरावतात. ‘हीट’मध्येही आधी जेमसायटाबिन आणि त्यानंतर ठरावीक दिवशी सिस्प्लॅटिनसह उष्णता असा क्रम होता. केवळ यंत्र आहे म्हणून हे जमत नाही. अशक्त रुग्णाचा मुद्दा मला तर उलटाच वाटतो, कारण सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला जड जाते.

साशंक
नेमके हेच. यकृतापर्यंत पसरलेल्या रोगातही याच चाचणीचा हवाला देऊन हा उपचार सुचवला जातो, याला माझा ठाम आक्षेप आहे. त्या रुग्णांचा या चाचणीत समावेशच नव्हता.

तापमापक
पसरलेल्या रोगाबाबत मी आग्रह धरत नाही. मात्र शस्त्रक्रियेनंतर फोलफिरिनॉक्स देता येत नसेल, मूत्रपिंडे ठीक असतील आणि अनुभवी केंद्र उपलब्ध असेल, तर पुढील चाचणी होईपर्यंत हा पर्याय त्या रुग्णापासून दडवून ठेवणे मला पटत नाही.

साशंक
दडवू नका; पण तो सिद्ध झालेला नाही, हे त्याच बैठकीत सांगा आणि शक्य असेल तर उपचार चाचणीच्या चौकटीतच द्या.