खासगी फिर्याद थांबवण्याचा निर्णय आणि न्यायालयाची तपासणी

सरकारी अभियोक्त्याने खासगी फिर्याद (नागरिकाने स्वतः चालवलेला फौजदारी खटला) थांबवली की न्यायालयाचे हात बांधले जातात, असे एक मत मांडले जाते; ते मला पूर्णपणे मान्य नाही. इंग्लंडमध्ये 1985च्या ‘प्रॉसिक्युशन ऑफ ऑफेन्सेस’ कायद्याच्या कलम 6(2)नुसार सरकारी अभियोग विभागप्रमुख खासगी खटला ताब्यात घेऊ शकतो आणि कलम 23 खाली तो नुसत्या लेखी नोटिशीने बंद करू शकतो. ती नोटीस मिळाल्यावर खटला पुढे चालवा अशी मागणी करण्याचा हक्क आरोपीला आहे, फिर्यादीला नाही, आणि हे मला फार खटकते. फिर्यादीला उरतो तो न्यायिक पुनर्विलोकनाचा, म्हणजे त्या निर्णयाची कायदेशीरता वरच्या न्यायालयाकडून तपासून घेण्याचा मार्ग.

पूर्वी पुरावा उघडच अपुरा असेल तरच खटला थांबवण्याचे धोरण होते. 2009 साली ते बदलून, दोषसिद्धी न होण्यापेक्षा होण्याची शक्यता अधिक असली पाहिजे, अशी कसोटी आणली गेली. 2012 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे धोरण तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरवले. मला त्यातील न्यायाधीश लेडी हेल आणि लॉर्ड मान्स यांचे भिन्नमत अधिक पटते, कारण सरकारी खटल्याचीच कसोटी लावली तर खासगी फिर्यादीच्या हक्कात उरते तरी काय?

आपल्याकडे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 321 खाली (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 360) सरकारी खटला मागे घ्यायलाही न्यायालयाची संमती लागते, आणि नव्या कलमात पीडिताचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे. केरळ विधानसभेतील तोडफोडीच्या प्रकरणात ही संमती नाकारली गेली, आणि तो नकार आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये कायम ठेवला.