१८ पीसीवर एकदम उबुंटू टाकायचंय, फाइल बनवली पण इन्स्टॉलर तिच्याकडे बघतच नाही

देवगडचा_लॅबवाला:
नमस्कार मंडळी. आमची शाळा देवगड तालुक्यात, मी लॅब सांभाळतो (खरा मी गणिताचा, पण ज्याला प्रिंटर चालू करता येतो त्याच्याच गळ्यात लॅब पडते). १८ पीसी आहेत, जुने, ४ जीबी रॅमवाले. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ ह्यांच्यावर नीट चढत नाही कारण टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणून मुख्याध्यापकांना पटवून लिनक्स ठरवलं. त्यातलं उबुंटू सर्व्हर २४.०४ आणि त्याच्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, म्हणजे हलकं राहील. एकावर हाताने टाकून बघितलं तर भाषा विचारतो, कीबोर्ड विचारतो, डिस्क विचारतो, नाव विचारतो, आणि अर्ध्यात लाइट गेली ते वेगळंच. हे १८ वेळा करायचं म्हणजे दिवाळीची सुट्टी लॅबमध्येच जाणार.
मग कळलं की ऑटोइन्स्टॉल असतं, सगळी उत्तरं आधीच एका फाइलीत लिहून द्यायची. तर एका पेनड्राइव्हवर आयएसओ (उबुंटूचा इन्स्टॉलर), दुसऱ्यावर युजर-डेटा नावाची फाइल, लेबल सीआयडेटा दिलंय, दोन्ही लावून बूट केलं तरी पहिल्यापासून भाषा विचारतोच. कुठे चुकतंय? फाइल घरच्या लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये लिहिली.

कुडाळ_टर्मिनल:
अरे बाबा माका पण हेच झाला होता. हे क्रमाने बघ.
एक, त्याच पेनड्राइव्हवर मेटा-डेटा नावाची पण फाइल लागते, आत काही नसलं तरी चालतं पण फाइल हवीच, ती नसेल तर तो अख्खा पेनड्राइव्ह सोडून देतो.
दोन, युजर-डेटाची पहिलीच ओळ हॅशचं चिन्ह (#) लावून क्लाउड-कॉन्फिग अशी हवी. वर रिकामी ओळ नको, नाव-तारीख नको.
तीन, बाकी सगळं ऑटोइन्स्टॉल ह्या एका शब्दाखाली आत सरकवून लिहायचं, त्यात व्हर्जन १. बरेच जण थेट बाहेरच लिहितात. आणि सरकवायला स्पेसबारच, टॅब दाबलास की वायएएमएल (ह्या फाइलीची लिहायची पद्धत) रुसला.
मेटा-डेटाच राहिली असणार बघ.

देवगडचा_लॅबवाला:
मेटा-डेटा नव्हतीच! केली. तरी तेच. पहिली ओळ बरोबर आहे, टॅब नाहीत, मोजून दोन-दोन स्पेस दिल्यात.

चिपळूण_पीसी_दुरुस्ती:
नोटपॅड म्हणालात ना, तिथेच आहे. विंडोजमध्ये फाइल एक्स्टेन्शन लपवलेलं असतं, तुम्हाला दिसतंय युजर-डेटा पण खरं नाव युजर-डेटा डॉट टीएक्सटी. एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन एक्स्टेन्शन दाखवा आणि ते मागचं शेपूट काढा, दोन्ही फाइलींचं.

आता न विचारलेलं सांगतो, रागावू नका. २०२१ च्या जुलैच्या पुरात दुकानात पाणी शिरलं, नंतर गावातले पीसी एकामागून एक यायला लागले, सगळ्यांना नवीन डिस्क आणि नवीन विंडोज. तेव्हा मी विंडोजची उत्तर-फाइल शिकलो, ती ऑटोअनअटेंड डॉट एक्सएमएल, पेनड्राइव्हच्या रूटला ठेवली की सेटअप आपणहून उचलतो. (एक्सपीच्या काळात हेच विननट डॉट एसआयएफ नावाने फ्लॉपीवर असायचं, आम्ही तेव्हाही टाकायचो, पण एकेक करून.) तर त्या फाइलीत मी लिहून ठेवलं होतं, डिस्क शून्य (म्हणजे यादीतली पहिली), पूर्ण पुसून टाक. दहा-बारा पीसी मस्त झाले. मग एक आला त्याच्यात दोन डिस्क, पाण्यातून वाचलेली जुनी आणि मी बसवलेली नवीन. मला वाटलं नवीन म्हणजेच शून्य. केबल कुठल्या पोर्टात आहे ते बघितलंच नाही. मी चहाला बाहेर, परत येईपर्यंत जुनी कोरी. त्या माणसाच्या मुलीच्या लग्नाचे फोटो होते. इन्स्टॉलरने काही विचारलं नाही, कारण विचारू नको असं मीच लिहिलं होतं ना.

उबुंटूमध्ये तर डिस्क सांगितली नाही तर तो सगळ्यात मोठी निवडतो. म्हणजे कोणा सरांची १ टीबीची बाहेरची डिस्क चुकून लावलेली राहिली आणि पीसीत २५६ ची एसएसडी असेल, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून स्टोरेजच्या लेआउटमध्ये मॅच लिहा, एसएसडी असेल तीच घे असं, आणि बाकी सगळं उपटून ठेवा.

कुडाळ_टर्मिनल:
हां ह्यां खरां. आणि म्हणूनच फाइल सापडली तरी तो एकदा थांबतो, ऑटोइन्स्टॉल पुढे चालू करू का, येस की नो. सगळीकडे वाचशील की ग्रबमध्ये (बूट होताना येणारा मेनू) कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) ओळीत ऑटोइन्स्टॉल शब्द टाकला की हा प्रश्न पण जातो. जातो हे बरोबर, पण देवगडदादा तू टाकू नको. १८ वेळा येस टाइप करायला काय लागतंय. तसा पेनड्राइव्ह कोणी पोराने नंतर गंमत म्हणून मुख्याध्यापकांच्या पीसीला लावला आणि बूट झाला तर?

राजापूर_नेटवर्क:
दोन गोष्टी राहिल्या. पासवर्ड साधा लिहिलात तर लॉगिन होणार नाही, तिथे पासवर्डचा हॅश (त्याचं सांकेतिक रूप) लागतो, लिनक्सवर ओपनएसएसएल पासडब्ल्यूडी वजा सहा ही कमांड दिली की मिळतो, डॉलर सहा डॉलरने सुरू होणारी लांबलचक ओळ, ती अवतरणात टाका.
दुसरं नेट. एक्सएफसीईची पॅकेजेस प्रत्येक पीसी वेगळी ओढणार, हॉटस्पॉटवर १८ वेळा म्हणजे डेटा दुपारपर्यंत संपला. एका पीसीवर ॲप्ट-कॅशर-एनजी (ओढलेली पॅकेजेस साठवून ठेवणारा प्रोग्राम) टाका, आणि फाइलीत प्रॉक्सी म्हणून त्याचा पत्ता लिहा, पोर्ट ३१४२. पहिला पीसी नेटवरून घेईल, बाकीचे ह्या कॅशरकडून.
आणि सगळ्यांचं होस्टनेम (पीसीचं नाव) एकच नको असेल तर इंटरॅक्टिव्ह-सेक्शन्समध्ये फक्त आयडेंटिटी लिहा. मग तेवढंच विचारेल, बाकी गप्प. ह्यात पासवर्ड पण तुम्ही तिथेच टाकाल, म्हणजे हॅशची भानगडच नाही.

देवगडचा_लॅबवाला:
चिपळूणकर, डॉट टीएक्सटीच होतं!! दोन दिवस त्या शेपटापायी गेले.
कुडाळवाल्यांचं ऐकून येसवर ठेवलं. कॅशर पण लावला, पहिल्याला बराच वेळ गेला पण दुसऱ्यापासून सरसर. आज ११ झाले. बारावा चालूच होईना, उघडला तर पॉवर सप्लायमध्ये पालीने अंडी घातलेली, तो बाजूला ठेवलाय.
आणखी एक सापडलं ते सांगतो, हाताने टाकलेल्या पहिल्या पीसीवर व्हार, लॉग, इन्स्टॉलर ह्या फोल्डरमध्ये ऑटोइन्स्टॉल-युजर-डेटा नावाची फाइल आपोआप बनलेली असते, मी दिलेली सगळी उत्तरं तिच्यात. हे आधी माहीत असतं तर तीच उचलून दोन ओळी बदलल्या असत्या, नोटपॅड उघडलाच नसता. बघायला सूडो (ॲडमिनचा अधिकार) लागतं.
शेवटचं, मुलांना मराठी टायपिंग हवंय, इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांची ठरलेली कीबोर्ड मांडणी). ते पण ह्याच फाइलीत बसेल का?

राजापूर_नेटवर्क:
बसेल. पॅकेजेसच्या यादीत आयबस-एम१७एन टाका, त्यात मराठीचं इन्स्क्रिप्ट आहे आणि ज्यांना इंग्रजी अक्षरांवरून टाइप करायची सवय त्यांच्यासाठी फोनेटिक पण आहे. फक्त इनपुट मेथड निवडणं प्रत्येक युजरला लॉगिन केल्यावर एकदा करावं लागेल. झालेल्या अकरांवर ॲप्टनेच (उबुंटूचं पॅकेज टाकायचं साधन) टाका, परत इन्स्टॉल करत बसू नका.