मदत हवी आहे: आतड्याच्या बायोप्सीवरून टीबी की क्रोन्स, हे कसं ठरवतात? (नाशिक)

नमस्कार. धाकट्या भावासाठी विचारतेय. वय 27, निफाडजवळ घरची द्राक्षबाग बघतो. पाच महिने जुलाब, संध्याकाळी कणकण, वजन 9 किलोंनी उतरलंय. नाशिकला कोलोनोस्कोपी केली, तर लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे व्रण निघाले. तपासायला तुकडे घेतले. बाटली लॅबपर्यंत मीच नेली. डिकीत ठेवायचं धाडस होईना, ओढणीत गुंडाळून हातात धरून बसले. तांदळाच्या कणीएवढे सात-आठ पांढुरके तुकडे, सगळे एकाच फॉर्मलिनच्या बाटलीत.

रिपोर्टमध्ये लिहिलंय: ग्रॅन्युलोमा (सुजेतल्या पेशींचे बारीक पुंजके) आहेत, केसिएशन नाही, एएफबी (टीबीचे जंतू स्लाइडवर शोधायची तपासणी) निगेटिव्ह, क्लिनिकल कोरिलेशन करावे. एक डॉक्टर म्हणतात आतड्याचा टीबी, एकेटी (टीबीची औषधं) सुरू करा. दुसरे म्हणतात क्रोन्स, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज राहणारा आजार, स्टेरॉइड घ्या. टीबी असताना स्टेरॉइड दिलं तर तो बळावतो असं कळल्यापासून माझी झोप उडालीय.

एएफबी निगेटिव्ह म्हणजे टीबी नाहीच का? हेच तुकडे दुसरीकडे दाखवता येतात का? जेवण अंगी लागत नाही अशा पोराला जुलाबाचं ते औषध पिऊन पुन्हा स्कोपीला बस म्हणायला जीभ रेटत नाही.

प्रतिसाद:
ताई, मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. औषधाचं डॉक्टरच सांगतील, तुकड्यांचं मी सांगतो. निगेटिव्ह आलं म्हणून टीबी बाद होत नाही. आतड्याच्या टीबीत जंतू मुळातच थोडे, स्लाइडवर बरेचदा सापडतच नाहीत. ग्रॅन्युलोमा मोठे, पुष्कळ, एकमेकांत मिसळलेले असतील तर संशय टीबीकडे जातो. क्रोन्समध्ये ते सहसा लहान, सुटे, मोजके असतात. केसिएशन, म्हणजे मधला भाग मरून गेलेला, दिसलं असतं तर टीबीचं पारडं बरंच जड झालं असतं. ते न दिसल्यानेच दोन मतं पडलीत. तुमच्या रिपोर्टमध्ये आकार, संख्या लिहिलीय का?

तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेले असतात. अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड मागा, पोटाच्या बायोप्सी नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवा. त्यासाठी पुन्हा स्कोपी लागत नाही. मात्र फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, त्या तुकड्यांवर कल्चर (जंतू वाढवून बघणं) होत नाही. पुढे स्कोपी करावीच लागली तर आधीच सांगून ठेवा: काही तुकडे सलाइनमध्ये, कल्चर आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) यांसाठी. आणि प्रत्येक जागेची बाटली वेगळी, वर जागा लिहून. एकत्र टाकले की कुठला तुकडा कुठला, ते आम्हाला ओळखता येत नाही. एकेटी सुरू झालीच तर साधारण दोन महिन्यांनी स्कोपी करून व्रण भरले का ते बघतात.

धागाकर्ती:
दादा, रिपोर्ट पुन्हा वाचला. आकार, संख्या काहीच नाही. उद्या सकाळी अर्ज घेऊन लॅबला जाते, आणि ब्लॉक बघून होईपर्यंत स्टेरॉइड थांबवता येईल का, हे दोन्ही डॉक्टरांना विचारते.