मोठा देणगीदार नेमका कशासाठी देतो? कळसाला अकरा लाख, अभ्यासिकेला पाच हजार

विटेकर:
थेट मुद्द्यावर येतो. आमच्या खानापूर तालुक्यात घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात बाहेर आहे, सोनं-चांदी गाळायची दुकानं, कोण तमिळनाडूत कोण केरळात कोण पार बंगालात. यात्रेला सगळे गावी येतात. आम्ही काही जण मिळून गावात अभ्यासिका चालवतो, एमपीएससी आणि पोलीस भरतीची पोरं रात्री अकरा-बारापर्यंत बसतात. यंदाच्या यात्रेत एका शेठनी देवळाच्या कळसाला अकरा लाख जाहीर केले, फेटा, हार, माईकवरनं तीनतीनदा नाव, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही पावतीपुस्तक घेऊन त्यांच्याच घरी गेलो, पोरांची परिस्थिती सांगितली, छत गळतंय ते सांगितलं, चहा पाजला आणि पाच हजार हातावर ठेवले, वर पावती नको म्हणाले.
तर माझं स्पष्ट मत झालंय. मोठा देणगीदार नावासाठीच देतो. संस्थावाल्यांनी लाजणं सोडावं आणि सरळ रेटकार्ड छापावं, हॉलला नाव पाहिजे तर इतके, खोलीला इतके, कपाटाला इतके. समाजसेवेची भाषा बोलून कोणाचा खिसा उघडत नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी बोला.

जावळीकर:
अजिबात पटत नाही. आमच्या जावळी-पाटण भागातली निम्मी माणसं मुंबईला माथाडी. प्रत्येक गावाचं एक मुंबईकर मंडळ असतं, गावची शाळा देऊळ पाण्याची टाकी सगळं त्या मंडळाच्या वर्गणीवर उभं राहिलेलं. पाठीवर पोती वाहून कमावलेला पैसा आहे तो. त्यातलाच एक जण पुढं स्वतःच्या गाड्या घेऊन ट्रान्सपोर्टमध्ये मोठा झाला. त्यानं गावच्या हायस्कूलला मुलींचं स्वच्छतागृह बांधून दिलं, साधंसुधं नाही, पाण्याची टाकी, आतनं कडी, फरशी, सगळं. कारण काय तर त्याच्या बहिणीची शाळा सातवीनंतर ह्याच कारणानं सुटली होती. उद्घाटनाला स्टेजवर बोलवत होते तर हा पंगतीत आमटी वाढत फिरत होता. कोनशिला बसवू दिली नाही. आता ह्याला तुमच्या रेटकार्डात कुठं बसवता सांगा.

विटेकर:
असा एखादा असतो हो. एखाद्यावर संस्था चालत नाही.

खरं_बोलू_का:
दोघंही भाबडे आहात. पावती नको म्हणाला म्हणजे समजून जा की राव. एक तर रोकड, नाहीतर झेडपीची तयारी. आमच्या गटात गेल्या खेपेला ज्यानं ज्यानं देवळाला दिलं त्यातले दोघं तिकिटाच्या लाईनीत होते. नाहीतर मग जात, आपल्या भावकीच्या संस्थेला हात सैल आणि दुसऱ्याच्या संस्थेला 'बघू पुढच्या वर्षी'. आणि वरनं टॅक्स वाचतो तो वेगळाच. दानधर्म वगैरे बोलायच्या गोष्टी.

सीए_मिरज:
टॅक्सचं तेवढं नीट समजून घ्या, कारण हे वाक्य मी रोज ऐकतो. संस्थेला 80जी, म्हणजे देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी इन्कम टॅक्सची मंजुरी, असेल तर साधारण देणगीच्या 50 टक्के रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या 10 टक्के मर्यादेत. म्हणजे अकरा लाख पूर्ण धरले जायला त्या माणसाचं उत्पन्न एक कोटी दहा लाखाच्या घरात पाहिजे. साडेपाच लाख वजा झाले, त्यावर 30 टक्के, सरचार्ज सेस धरून दोन लाखाच्या आसपास टॅक्स वाचला. उरलेले नऊ लाख त्याच्या खिशातनंच गेले ना. नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर ही वजावट मिळतच नाही, आणि 2000 च्या वर रोख दिली तरी नाही. शिवाय गावच्या यात्रा कमिटीकडं बहुतेक वेळा 80जी नसतंच, तरी अकरा लाख देवळालाच गेले. म्हणजे टॅक्स हे कारण नव्हतं. टॅक्समुळं माणूस द्यायचं ठरवत नाही, द्यायचं ठरलेलं असलं की मार्चच्या आत देतो आणि चेकनं देतो, एवढाच फरक पडतो.

मास्तर_सातारा:
विटेकर, तुमच्या रेटकार्डावरनं कर्मवीर अण्णांची, म्हणजे भाऊराव पाटलांची, आठवण झाली. साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 ला सुरू झालं. मोठी देणगी देतो पण नाव बदला असं कोणी सुचवलं तेव्हा अण्णा म्हणाले की एकवेळ बापाचं नाव बदलीन पण कॉलेजचं नाही. आमच्याकडं हा किस्सा पोरासोरांना पाठ आहे. त्यांची रयत शिक्षण संस्था 1919 ला काल्यात निघाली ती काय कुणा शेठच्या जिवावर चालली नाही. मुष्टिफंड होता, घरोघरी बाया दळायच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढायच्या. वहिनींनी म्हणजे अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांना जेवायला घालायला अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. त्यांना कोणतं नाव पाहिजे होतं? संस्थेची इज्जत विकायला काढली की पुढं देणारा पण तुम्हाला दुकानदारच समजणार.

विटेकर:
मास्तर, आदर आहे, पण अण्णा एकच झाले. आमच्या सांगलीकडं बघा की. 1947 ला न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून निघालं, 1955 ला त्याला वालचंद हिराचंदांचं नाव लागलं, आज सगळा महाराष्ट्र वालचंद म्हणून ओळखतो. विलिंग्डन कॉलेजला तर चक्क इंग्रज गव्हर्नरचं नाव आहे, 1919 पासनं. नावामुळं तिथल्या शिक्षणाला कुठं डाग लागला? उद्या एखाद्या शेठच्या आईचं नाव अभ्यासिकेला दिलं तर माझ्या पोरांचं काय बिघडतंय, पंखा नावानं फिरतो का लाईटनं?

मास्तर_सातारा:
पंख्याचं नावच काढू नका. आमच्या शाळेत एका पंख्याच्या तिन्ही पात्यांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' रंगवून आणलं होतं. पंखा बंद असला तरच नाव वाचता यायचं. त्यामुळं देणगीदार शाळेत यायचे म्हटलं की आधी शिपाई पंखा बंद करायचा, एप्रिल असला तरी.

जावळीकर:
😂😂 मास्तर

अर्थशास्त्र_कराड:
ह्या प्रश्नावर अभ्यास बराच झालाय, दोन गोष्टी सांगतो. जेम्स आंद्रियोनी नावाच्या अर्थतज्ज्ञानं 1990 च्या सुमारास मांडलं की माणूस निव्वळ दुसऱ्याच्या भल्यासाठी देत असता तर सरकारनं त्या कामाला पैसा वाढवला की त्यानं तेवढाच हात आखडता घेतला असता, पण तसं पूर्णपणे होत नाही. म्हणजे देण्यातनं त्याला स्वतःला आतून काहीतरी मिळत असतं, मग बाहेर नाव होवो न होवो. दुसरं जास्त कामाचं आहे. जॉन लिस्ट आणि लकिंग-रायली यांनी 2002 मध्ये एक प्रयोग छापला, अमेरिकेत युनिव्हर्सिटीला कॉम्प्युटर घ्यायचे म्हणून देणगीची पत्रं पाठवली. काहींना सांगितलं की 10 टक्के पैसे जमलेत, काहींना सांगितलं 67 टक्के जमलेत. दुसऱ्या पत्रांना जवळपास सहापट पैसा आला. गरज तर पहिल्यांची जास्त होती ना! पण माणूस बुडत्या कामात पैसा घालत नाही, होत आलेल्या कामात घालतो. विटेकर, तुम्ही जाऊन छत गळतंय हेच सांगितलंत.

खरं_बोलू_का:
अमेरिकेतलं इथं लावू नका सर. इथं 67 टक्के जमले म्हटलं की म्हणतात मग माझी काय गरज.

आटपाडीची_लेक:
मी माणदेशात एका संस्थेसाठी देणग्या जमवायचं काम करते, पूर्ण वेळ, त्यामुळं थोडं सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या. विटेकरदादा, तुम्ही यात्रेच्या दुसऱ्या दिवशी गेलात इथंच गडबड आहे. यात्रेत त्या माणसाकडं कोण कोण येऊन गेलं असेल ह्याचा विचार करा, तालीम, भजनी मंडळ, क्रिकेटच्या टुर्नामेंटवाले, आणि शेवटी तुम्ही. पाच हजार ही देणगी नाही दादा, ते तुम्हाला वाटेला लावायचे पैसे आहेत. आणि तुम्ही त्यांना एक तरी प्रश्न विचारला का? कळसच का दिला, हे विचारलं का? आमच्या भागात गलाईवाल्यांची गोष्ट अशी असते की पोरगं तेराव्या-चौदाव्या वर्षी गाव सोडून परमुलखात भट्टीपुढं बसतं, भाषा येत नाही, दुकानातच झोपायचं, आई इकडं देवाला नवस बोलते. मग चाळीस वर्षांनी तो कळस देतो तेव्हा तो माईकवरचं नाव विकत घेत नसतो, आईचा नवस फेडत असतो. आता असा माणूस, ज्याची स्वतःची शाळा सुटली, त्याच्यापुढं तुम्ही एमपीएससी एमपीएससी करता, त्याला ते काय आहे हे तरी माहिती असेल का? त्याला एक रात्र अभ्यासिकेत आणून बसवा. भाषण नको, सत्कार तर नकोच. पोरांशी बोलू दे.
दुसरं म्हणजे मागायला नेहमी घरातल्या कर्त्या पुरुषाकडंच जातात. माझा अनुभव असा की मोठी रक्कम असली की निर्णय आत होतो, बाई म्हणाली द्या की देतात.
तिसरं, कळस बसला की काम संपतं, फोटो निघतो. अभ्यासिका संपत नाही. लाईटबिल, झाडलोट, वर्तमानपत्र, हे कोणालाच द्यायला नको असतं आणि संस्थेला नेमकं तेच लागतं. 2019 च्या महापुरात सांगलीत बघितलंय आपण, बाहेरनं ट्रकच्या ट्रक आले, देणाऱ्यांचं मन मोठंच होतं, पण जुन्या कपड्यांचे ढीग पडले आणि लोक विचारत होते घरातला गाळ काढायला माणसं मिळतील का. देणारा त्याला जे द्यावंसं वाटतं ते देतो, तुम्हाला जे लागतं ते नाही. ते जुळवणं हेच आमचं काम.

विटेकर:
ताई, पटतंय थोडं, पण सगळ्यांच्या आईनं नवस बोललेला नसतो. आणि एकेकाच्या मनात काय आहे हे शोधत बसायला आमच्याकडं तुमच्यासारखा पूर्ण वेळ माणूस नाही. मी किराणा दुकान सांभाळून हे करतो. रेटकार्ड लावलं की ज्याला यायचं तो येईल.

आटपाडीची_लेक:
येईल, एकदा येईल. फळीवर नाव लागलं की त्याचा व्यवहार पुरा झाला, दुसऱ्या वर्षी कशाला येईल? तुम्ही त्या पाच हजारांचं काय केलं ते त्यांना कळवलं का?

विटेकर:
पाच हजारांचं काय कळवायचं?

आटपाडीची_लेक:
तेच म्हणते मी. पाच हजाराचा हिशोब न सांगणाऱ्याला पाच लाख कोण देईल.

खरं_बोलू_का:
ह्यापेक्षा कंपन्यांकडं जा. कायद्यानंच द्यावं लागतं त्यांना, मनबिन शोधायची भानगड नाही.

सीए_मिरज:
तेही सरसकट नाही. 2014 पासनं ज्या कंपनीचा निव्वळ नफा 5 कोटींच्या वर, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा नेटवर्थ 500 कोटी, तिलाच मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा 2 टक्के सीएसआर, म्हणजे समाजकामावरचा खर्च, बंधनकारक. आणि संस्थेला 12ए (संस्थेच्या स्वतःच्या करमाफीची नोंदणी), 80जी, सीएसआर-1 (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची नोंदणी) आणि तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. अभ्यासिकेचं ट्रस्ट रजिस्टर तरी आहे का?

विटेकर:
रजिस्टर आहे, 80जी चालू वर्षीच मिळालंय.

मास्तर_सातारा:
मुष्टिफंडाचं कोणीच मनावर घेतलं नाही. तुमच्या अभ्यासिकेतनं आजवर भरती झालेली पोरं किती आहेत? पगार चालू आहेत ना त्यांचे? महिन्याला दोनदोनशे त्यांनी दिले तरी लाईटबिल सुटेल, शेठच्या दारात कशाला जायला पाहिजे.

जावळीकर:
हे बरोबर. आमचं मुंबईकर मंडळ असंच चालतं. आणि गंमत म्हणजे मोठा देणारा पण आधी तेच विचारतो, गावातल्यांनी किती काढले?

विटेकर:
पोरं फोन उचलत नाहीत हो एकदा वर्दी अंगावर आली की. पण यादी काढतो. शेठ गणपतीत परत येणारेत, ताई म्हणतात तसं एकदा रात्री आणून बसवतो. रेटकार्डाचं मत मात्र बदललेलं नाही, दोन्ही करणार.

सीए_मिरज:
करा. फक्त ज्या ज्या देणगीदाराला वजावट पाहिजे त्याचा पॅन घ्या आणि 31 मेच्या आत 10बीडी, म्हणजे देणग्यांचं विवरणपत्र, इन्कम टॅक्सकडं भरा, त्याशिवाय त्याला 10बीई, म्हणजे वजावटीला लागणारं देणगीचं सर्टिफिकेट, देता येत नाही. गेल्या वर्षी एका संस्थेनं ते भरलं नाही, देणगीदाराला वजावट मिळाली नाही, आणि तो आता त्यांचा नंबर ब्लॉक करून बसलाय.