विंचवाचं बिऱ्हाड आणि 'घरीच राहा' : आरव्हीतल्या टाळेबंदीचे अनुभव

गोगलगाय

मार्च २०२० बद्दल आपल्या लोकांनी भरपूर लिहिलंय. थाळ्या, गच्चीतल्या फेऱ्या, भांडी घासायला लागलेले नवरे. आमच्यासारख्यांचं मात्र फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा काढतेय. आमच्यासारखे म्हणजे ज्यांना घर आहे, पण ते उभं करायला स्वतःची जागा नाही. आरव्ही (म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेली राहायची गाडी), ट्रेलर, व्हॅन, बोट, काहीही चालेल. सुट्टीपुरती भाड्याने घेतलेली नको. त्यात खरोखर राहिला असाल तर लिहा. सुरुवात मीच करते.

न्यू जर्सीतलं घर आम्ही २०१८ मध्ये विकलं. मुलं मार्गी लागली होती, नवरा निवृत्त झाला होता आणि गुडघे अजून साथ देत होते. एकतीस फुटी मोटरहोम घेतलं. मिरजेला आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!" तेव्हापासून दर रविवारी फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "आज घर कुठे आहे?"

कागदोपत्री आमचं घर साउथ डकोटात. तिथे एक रात्र राहिल्याची पावती आणि टपाल पुढे पाठवणाऱ्यांकडचा एक डबा, एवढ्यावर ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं. टेक्सास आणि फ्लोरिडा हेही फिरत्या लोकांचे आवडते पत्ते, कारण तिन्हीकडे राज्याचा आयकर नाही.

तर १७ मार्चला आम्ही कॅलिफोर्नियात, समुद्रकाठच्या एका स्टेट पार्कात होतो. त्या दिवशी राज्याने आपल्या सगळ्या पार्कांमधली कॅम्पग्राउंड्स बंद केली. रेंजर मुलीने दार वाजवलं, सहा फूट मागे सरकली आणि म्हणाली, आता घरी जा. नवरा म्हणाला, "घरीच तर आहोत." तिला हसू आलं, पण निघावं लागलंच. १९ तारखेला राज्यपालांचा हुकूम आला: घराबाहेर पडू नका. दोन दिवसांपूर्वी हला, आता हलू नका.

गेलो ॲरिझोनात. क्वार्ट्झसाइटच्या आसपास बीएलएमची, म्हणजे केंद्र सरकारची, मोकळी जमीन आहे. तिथे फुकट राहता येतं, पण एका ठिकाणी चौदाच दिवस. विटांच्या घरात राहणाऱ्यांसाठी सांगते: आरव्हीला तीन टाक्या असतात. ताज्या पाण्याची, सांडपाण्याची आणि संडासाची. आपण कुठे किती दिवस राहायचं हे ही तिसरी टाकी ठरवते. आम्हा दोघांची आठ-दहा दिवसांत भरते. रिकामी करायला डंप स्टेशन लागतं, आणि ज्या पार्कांत आम्ही ती नेहमी रिकामी करायचो त्यांनाच कुलपं लागलेली. शेवटी एका पेट्रोल पंपावर वीस डॉलर मोजून टाकी रिकामी केली. पैसे द्यायला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

त्यात ऊन. आम्ही लोक हवेबरोबर सरकतो, थंडीत दक्षिणेला, उन्हाळ्यात वर. एप्रिल सरता सरता तिथला पारा ३८ च्या वर जातो. आमच्या छतावरच्या सोलरवर एसी चालत नाही. 'आहात तिथेच थांबा' हे भिंतींच्या घराला ठीक आहे, पत्र्याच्या डब्यात माणूस शिजतो.

मुलगा फिनिक्सच्या उपनगरात. म्हणाला, आई, आमच्या ड्राइव्हवेत या. गेलो. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सोसायटीची नोटीस: दाराशी आरव्ही अठ्ठेचाळीस तासांहून जास्त ठेवता येणार नाही. खाली 'काळजी घ्या, सुरक्षित राहा'. मुलाने सवलतीसाठी अर्ज केला. उत्तर आलं, महामारीमुळे समितीची बैठक रद्द झाली आहे, त्यामुळे अर्ज विचारात घेता येत नाही.

मग महिन्याच्या भाड्याने एका खासगी पार्कात जागा मिळाली. मे महिन्यात फ्लॅगस्टाफला चढलो, सात हजार फुटांवर. हे लिहितानाही तिथला गार वारा आठवतोय.

तुमचं सांगा.

नारळीकाठ

आम्ही फ्लोरिडा कीज या बेटांवर, आरव्ही पार्कात वर्षाच्या कराराने घेतलेल्या साइटवर. २७ मार्चपासून पोलिसांनी यूएस-१ महामार्गावर, मैल ११२.५ च्या खुणेपाशी नाका लावला. बेटांवर फक्त तिथले रहिवासी आणि कामावर येणारे.

एप्रिलमध्ये ह्यांच्या डोळ्याच्या तपासणीसाठी मायामीला जावं लागलं. आरव्ही पार्कात ठेवून लहान गाडीने गेलो. परतताना नाक्यावर अडवलं. लायसन्स दाखवलं, त्यावर टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टनचा पत्ता, कारण आमचं टपाल तिथे येतं. वीजबिल आहे का? नाही, वीज भाड्यातच. वादळानंतर परत येणाऱ्या रहिवाशांसाठी काउंटीचा एक स्टिकर असतो, तो? तोही आम्ही घेतला नव्हता. वादळ आलं तर घर घेऊनच पळणार, मग परत येण्याचा स्टिकर कशाला, असा ह्यांचा युक्तिवाद!

पाऊण तास रस्त्याच्या कडेला. घर आत, आम्ही बाहेर, आणि फ्रिजमध्ये भिजवलेलं इडलीचं पीठ. पार्कच्या मॅनेजरबाईंनी कराराचा फोटो फोनवर पाठवला तेव्हा सोडलं. पोलीस सभ्य होता हो, पण त्याच्या यादीत आमच्यासाठी रकाना नव्हता. १ जूनला नाका उठेपर्यंत तो करार प्लास्टिकमध्ये घालून गाडीत ठेवलेला.

लालमाती

दुसरी बाजू लिहिते. राग येईल, चालेल.

मी तेव्हा युटातल्या मोआबला, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होते. गावाची वस्ती साधारण पाच हजार. शेजारी आर्चेस नॅशनल पार्क, वर्षाला पंधरा लाखांच्या वर माणसं. रुग्णालयात १७ खाटा, आयसीयू नाही. मार्चच्या मध्यावर कॉलेजांच्या सुट्ट्या सुरू झाल्या आणि इतर गावं बंद होत होती म्हणून लोक आमच्याकडे यायला लागले. रुग्णालयानेच राज्यपालांना पत्र लिहिलं की हे थांबवा. मग आरोग्य खात्याने बाहेरच्यांसाठी हॉटेलं आणि कॅम्पिंग बंद केलं.

तुम्ही म्हणता, आमचं घर आमच्याबरोबर आहे, आम्ही कुणाला काय त्रास देतो? घर बरोबर येतं, पण तुमचा डॉक्टर आणि व्हेंटिलेटर येत नाही. ते आमच्या १७ खाटांतून द्यावे लागले असते.

हे सगळं मला आजही पटतं. तरी एक आजोबा आठवतात. ट्रेलरमध्ये एकटेच राहायचे, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या, चिठ्ठी मिनेसोटातल्या डॉक्टरची. आमच्या कामात असली चिठ्ठी फोन करून मागवून घेणं रोजचं आहे, दहा मिनिटं लागतात. मी मात्र आधी विचारलं, "किती दिवस आहात इथे?" गोळ्या द्यायला त्या उत्तराची काही गरज नव्हती. त्यांनाही ते कळलं.

गोगलगाय

राग नाही आला. आम्हीही गावात शिरताना दोनदा विचार करायचो. किराणा आणायला नवरा एकटाच जायचा आणि साउथ डकोटाची नंबरप्लेट दिसू नये म्हणून गाडी लांब लावायचा. चोरासारखं वाटायचं.

चाकोरी

माझी केस किरकोळ. व्हॅन, एकटा जीव, डेन्व्हरच्या आसपास. आरव्हीवाले काका-काकू आमच्या मानाने श्रीमंत, तुमच्याकडे निदान संडास आहे!

व्हॅनवाल्याचं घर अर्धं व्हॅनमध्ये असतं आणि अर्धं गावात. आंघोळ जिममध्ये, इंटरनेट लायब्ररीत, सकाळचे विधी कॉफीच्या दुकानात. एका आठवड्यात गावातला अर्धा भाग गायब. नोकरी मात्र चालूच होती, उलट सगळेच घरून काम करायला लागल्यावर मी एकदम नॉर्मल झालो. लायब्ररीचं दार बंद, पण वायफाय पार्किंगपर्यंत यायचं. तिथे बसून मीटिंगा केल्या. मॅनेजर म्हणायचा, तुझ्या मागचा लाकडी पडदा मस्त आहे. तो व्हॅनचा दरवाजा होता.

टॉयलेट पेपरची मारामारी आठवते? आरव्हीच्या टाकीसाठी लवकर विरघळणारा वेगळा पेपर मिळतो, घाबरलेल्या लोकांनी तोही उचलला. शेजारी ट्रेलर लावलेल्या गोऱ्या जोडप्याने जाडा पेपर वापरला आणि टाकी तुंबवून घेतली. मी त्यांना तांब्याची संकल्पना समजावून सांगितली. हातवाऱ्यांशिवाय. माझ्या आयुष्यातलं सर्वात अवघड प्रेझेंटेशन.

रात्री मात्र वाईट. काचेवर टकटक व्हायची. "इथे झोपता येणार नाही." "मग कुठे जाऊ?" "ते मी सांगू शकत नाही." असं तीन वेळा झालं. चौथ्यांदा एका सहकाऱ्याच्या गॅरेजसमोर लावली आणि जुलैपर्यंत हललो नाही.

हिमपक्षी

वय ७३, ऑन्टारियो, कॅनडा. दर हिवाळ्यात आम्ही उभयता ट्रेलर घेऊन टेक्सासच्या दक्षिण टोकाला जात असू. प्रांताचा आरोग्य विमा टिकवायचा तर बारा महिन्यांत १५३ दिवस ऑन्टारियोत राहावे लागते. त्यामुळे आमचे वर्ष कॅलेंडरवर आखलेले असे.

मार्चच्या मध्यावर कॅनडा सरकारने परत या असे आवाहन केले. पाठोपाठ प्रवासविमा कंपनीचे पत्र आले, की न परतल्यास आजारपणाचा खर्च मिळेलच असे नाही. अमेरिकेतील रुग्णालयाचे बिल या शब्दांपुढे विषाणूची भीती काहीच नाही. निघालो. चार दिवस. विश्रांतीची ठिकाणे टाळून ट्रेलरमध्येच स्वयंपाक, तिथेच झोप.

२१ मार्चपासून सीमा अनावश्यक प्रवासाला बंद होती, पण आम्ही नागरिक, आमची अडचण नव्हती. अडचण पुढे होती. २५ मार्चच्या मध्यरात्रीपासून परतणाऱ्यांना चौदा दिवस विलगीकरण सक्तीचे झाले. आम्ही पोचलो २८ ला. अधिकाऱ्याने विचारले, विलगीकरणाचा पत्ता? मी मागच्या ट्रेलरकडे बोट दाखवले. तो म्हणाला, हे वाहन झाले, पत्ता सांगा.

ऑन्टारियोत मार्चअखेरीस कॅम्पग्राउंडे तशीही उघडलेली नसतात, कारण पाण्याचे नळ गोठतात. शेवटी भाच्याच्या ब्रॅम्प्टनमधील गोदामाचा पत्ता दिला. गोदामाच्या मागच्या अंगणात, एका एक्स्टेन्शन वायरीवर, उणे तापमानात आम्ही चौदा दिवस काढले. ट्रेलरच्या नळ्या फुटू नयेत म्हणून त्यात पाणी भरलेच नाही. भाचा रोज कॅन ठेवून जाई आणि कुंपणापलीकडून ओरडून विचारी, "मामा, अजून काय हवंय?" सौभाग्यवती एकदा म्हणाल्या, सांग, नळ हवाय.

मेच्या मध्यावर, ज्यांचे पूर्ण हंगामाचे करार होते त्यांच्यासाठी खासगी कॅम्पग्राउंडे उघडली. आमचा होता. पुढच्या वर्षी ट्रेलर विकला.

शेवाळ

आमची बोट, इंग्लंडातल्या कालव्यावर, सात फूट रुंद. कायमचा धक्का नसलेल्या बोटींना साधारण चौदा दिवसांनी पुढे सरकावंच लागतं, परवान्याची अटच आहे. टाळेबंदीत कालव्यांच्या संस्थेने ती अट स्थगित केली. मला तर बरंच झालं. आयुष्यात पहिल्यांदा खिडकीबाहेर तेच झाड रोज पाहिलं. शेजारच्या बंगल्यातल्या आजींना मात्र तीच बोट रोज पाहून कंटाळा आला असावा.

ओवी

मी मुळात या धाग्यात बसत नाही. डॉक्टर आहे, टेक्सास, चार भिंतींचं घर. पण एप्रिल ते जून मी ट्रेलरमध्ये राहिले, स्वतःच्याच दारात.

वॉर्डात कोविडचे पेशंट, घरी सात महिन्यांची मुलगी आणि दम्याचा त्रास असलेला नवरा. फेसबुकवर 'आरव्हीज फॉर एमडीज' नावाचा गट टेक्सासमधूनच सुरू झाला होता. वापरात नसलेली आरव्ही लोक आरोग्यसेवकांना विनामूल्य देत होते. एका अनोळखी माणसाने त्याचा ट्रेलर आणून आमच्या ड्राइव्हवेत लावला, टाक्या कशा वापरायच्या ते अंतर ठेवून शिकवलं, आणि फ्रिजमध्ये पाय ठेवून गेला. पाय म्हणजे सफरचंदाचा. नऊ आठवडे. लेक समोरच्या खिडकीत यायची. ती रांगायला लागली ते मी काचेतून पाहिलं.

गोगलगाय ताई, तुमच्या मुलाच्या सोसायटीबद्दल वाचून गप्प झाले. आमच्याही सोसायटीत आरव्हीला बंदी आहे, नियम शब्दशः तोच. आम्हाला नोटीस आली नाही. त्यांनी ट्रेलरच्या पायरीवर फुलं ठेवली होती.

गोगलगाय

ओवी, तुला फुलं मिळाली ते योग्यच झालं गं. पण हे वाचल्यावर माझा नवरा जरा वेळ बाहेर जाऊन उभा राहिला.

हिमपक्षी काका, तुमच्या 'पत्ता सांगा'वरून आठवलं. त्याच वर्षी अमेरिकेत जनगणना होती, १ एप्रिल हा मोजणीचा दिवस. आरव्ही पार्कांत, कॅम्पग्राउंडांत राहणाऱ्यांना मोजायला खास माणसं येतात. ती एप्रिलमध्ये यायची होती, महामारीमुळे आली सप्टेंबरात. आम्ही तेव्हा कोलोरॅडोत. मास्क लावलेली एक बाई, दारापासून लांब उभी. नावं विचारली, वयं विचारली. मग विचारलं, "वर्षातला बराच काळ तुम्ही जिथे राहता असं दुसरं कुठे घर आहे?"

नवरा साउथ डकोटा म्हणणार होता, मी त्याला कोपराने ढोसलं. नाही म्हटलं.

"मग इथेच धरते," ती म्हणाली. साइट क्रमांक अठरा, माणसं दोन.

रविवारी आईला तेच सांगितलं.