बाबांच्या फटफटीला नवी पाटी पाहिजे, पण कागदावर गाडी तिसऱ्याचीच

काळी माती (घाटंजी तालुका)
१ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या प्रत्येक गाडीला एचएसआरपी, म्हणजे नकली करता येऊ नये अशी सरकारी नंबरपाटी बसवा, असा हुकूम आहे. मुदत आधी ३१ मार्च २०२५ होती. मग एप्रिल झाला, जून झाला, १५ ऑगस्ट झाला, नोव्हेंबर झाला, मग ३१ डिसेंबर २०२५. इतक्यांदा मुदत का वाढवावी लागते, हे कोणी विचारत नाही. लोक आळशी आहेत म्हटलं की मोकळे.

आमच्या बाबांची गाडी २००८ ची. पहिले मालक यवतमाळचे एक मास्तर, त्यांच्याकडून पांढरकवड्याच्या एका व्यापाऱ्याने घेतली, त्याच्याकडून आम्ही. टीटी फॉर्मवर (मालकी बदलायच्या अर्जावर) कोऱ्या सह्या आहेत, आरसी अजून मास्तरांच्याच नावावर. मास्तर वारले. नोंदणीची १५ वर्षं २०२३ मध्येच सरली. विकायला काढली तर आठ हजारही येणार नाहीत.

पाटीचे ४५० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये. ते देऊ हो. पण त्याआधी मास्तरांचे वारस शोधा, नाव चढवा, नूतनीकरणाचे हजार भरा, पर्यावरण कर वेगळा, आणि गाडी तपासणीला यवतमाळला न्या. ऐन कापूस वेचणीत बाईमाणूस मिळत नाही आणि मी तिथं रांगेत उभा. माझं म्हणणं एवढंच की आधी तालुक्याला बसून कागद सरळ करून द्या, मग पाटी मागा. नाहीतर पाटी नवी आणि मालक जुनाच.

निवृत्त बाबू
काळी माती, राग नका मानू, पण यात सरकारचा दोष किती? गाडी घेतल्यावर ३० दिवसांत घेणाऱ्याने कळवायचं असतं. मालक वारला तर वारसांनी ३० दिवसांत कळवून ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा असतो. हे नियम कालचे नाहीत, १९८९ पासून आहेत. लोक टीटीवर सही घेतात, फॉर्म पेटीत ठेवतात आणि गाडी पुढे विकतात.
आणि हे साधं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलं आहे, की नोंद ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्यावर. तुमच्या गाडीनं उद्या कोणाला उडवलं तर नोटीस मास्तरांच्या घरी जाईल.

काळी माती
बाबूसाहेब, सोळा आणे खरं. पण चूक तीन जणांची आणि रांगेत एकटा मी, हे बरोबर आहे का?

बाभूळबन
भाऊ, मी तं म्हणतो हे पाटीचं झंजटच काहून पाहिजे? माह्या गाडीचा नंबर दिसत नाही का कोणाले? पेंटरनं झकास लिहून देल्ला, दोनशे रुपयात. आता तेच ५३१. गोवा, गुजरातात कमी पैशात होते म्हणून पेपरात आलं होतं. आपल्यालेच काहून महाग?

दारव्ह्याचा गुरुजी
त्यावर सरकारचा खुलासाही आला होता, की त्या दरांत बसवणावळ धरलेली नव्हती. ती धरली तर फरक फार राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. मान्य करा, नका करू, पण अर्धंच सांगू नका.

आणि "नंबर दिसत नाही का" म्हणता, तर ऐका. मला दोन वर्षांपूर्वी ई-चलान आलं, पुण्यातलं. सिग्नल तोडला म्हणे. माझी गाडी त्या दिवशी शाळेच्या चिंचेखाली उभी होती. फोटोत दिसणारी गाडीही वेगळीच, नंबर माझा. कोणीतरी माझा नंबर रंगवून घेतला होता. तक्रार लिहून, फोटो जोडून, हेलपाटे घालून तो दंड काढावा लागला. रंगवलेली पाटी कोणालाही रंगवता येते, हेच तिचं दुखणं. नव्या पाटीवर होलोग्राम असतो, लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक असतो आणि कुलूप असं, की काढायचं तर तोडूनच काढावं लागतं. ज्याच्यावर चुकीचं चलान आलं नाही, त्याला हे पटणार नाही.

वैनगंगाकाठ
गुरुजी, चलान तुमच्या नशिबी आलं, ते आमच्याकडच्या टिप्परवाल्यांच्या कधी येत नाही. रात्री रेतीचे टिप्पर जातात, नंबरवर चिखल लेपलेला. कॅमेऱ्याला काय दिसेल? पाटी एचएसआरपी असो की पेंटरची, चिखल दोन्हीवर सारखाच बसतो. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला नियम लावणं सोपं, कारण तो दिवसा दिसतो.

रेडियमवाला
माझं चौकात रेडियमचं दुकान. पाट्याच करत होतो. आता फक्त गाडीवर "आईचा आशीर्वाद" कापतो. पोटावर पाय आला, पण खोटं बोलणार नाही: माझ्याकडेही एकजण आला होता, दुसऱ्याच्या गाडीचा नंबर सांगून "असा काढून दे" म्हणत. नाही म्हटलं. बाजूच्यानं काढून दिला असेल. मला तेव्हाच वाटलं होतं हा धंदा टिकणार नाही. आरसी पाहायची सवय आमच्यात कोणालाच नव्हती.

बाभूळबन
रेडियमवाला भाऊ, तू बोल्ला म्हणून मी गप बसतो. पण माह्या बापाची गाडी वावरात न् गावात. तालुक्याले जात नाही. तिले कोण चोरते?

निवृत्त बाबू
चोरणारा वावरातूनच नेतो हो. पण असू द्या. काळी मातीच्या मुद्द्यावर येतो, कारण तो खरा आहे. पाटी न बसवलेल्या गाडीची आरटीओत मालक बदलणे, कर्जाचा बोजा उतरवणे अशी कामं अडवली आहेत. त्यामुळे कागद दुरुस्त करायला गेलेल्याला पाटी आधी सांगतात, आणि नोंदणी संपलेल्याला नूतनीकरण आधी. माझ्या टेबलावर अशी माणसं यायची आणि या टेबलावरून त्या टेबलावर जायची. तेव्हा मलाही कंटाळा यायचा, आता लाज वाटते.

दारव्ह्याचा गुरुजी
मग बाजाराच्या दिवशी तहसीलमध्ये एक टेबल लावा, वारसांचा जबाब तिथंच घ्या. निवडणुकीला आमच्या शाळेत एका दिवसात सगळा गाव मतदान करतो की.

काळी माती
हेच मी पहिल्या ओळीपासून सांगून राहिलो, गुरुजी. असो. परवा मास्तरांच्या मुलीचा पत्ता लागला, नागपूरला असते. फोनवर म्हणाली, "बाबांची गाडी अजून चालते?" सही द्यायला तयार आहे. आता एक सांगा, इंजिन नंबर गंजून पुसट झाला आहे, पाटीची नोंदणी करताना त्याचे शेवटचे पाच अंक लागतात म्हणे. कसे वाचायचे?

रेडियमवाला
आधी पेट्रोलच्या फडक्यानं तेलमाती साफ पूस. मग वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घास, अंक उमटतात. पॉलिश पेपर लावू नको, उरलेलेही जातील.